दहातला एक

प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आतच मला उत्तर ठाऊक होतं, आणि ते खोटं आहे हेही ठाऊक होतं. सूत्रसंचालक समोरच्या काचेवरचं वाचत होता, पण माझ्याकडेच पाहतोय असं वाटावं अशा बेतानं. "समुद्रातल्या एका एकाकी खडकावरच्या दीपगृहाचा शेवटचा रखवालदार वारला. त्यानंतरही त्याच्याच अक्षरातल्या हवामानाच्या नोंदी तिथल्या वहीत सापडल्या. त्या किती दिवसांच्या होत्या?" 'त्याच्याच अक्षरातल्या' या शब्दांच्या आधी तो किंचित थांबला. तिथेच थांबायचं असतं. बाबा तिथेच थांबत, घास हातात धरून. मग पडद्यावर चार आकडे उमटले. तीन, अकरा, एकवीस, चाळीस. त्यांतला अकरा मी ओळखला. भर बाजारात आपल्या घरातलं माणूस पाठमोरं दिसावं, आणि ते या वेळी घरी झोपलेलं आहे हे आपल्याला पक्कं माहीत असावं, तसा ओळखला.

चित्रीकरण आणि तो भाग टीव्हीवर प्रत्यक्ष दाखवणं यांच्यात वीस दिवस होते. ते वीस दिवस मी नेहमीसारखी कामावर गेले. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाइड वाचते. बहुतेक मोजणी आता यंत्रच करतं. यंत्राला एखाद्या नमुन्याची शंका आली की ती स्लाइड माझ्याकडे येते, म्हणजे दिवसभर माझ्यापुढे शंकाच येत असतात. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्या पाच प्रकारांत वाटायच्या. डाव्या हाताखाली पाच कळांचं काउंटर असतं आणि शंभर भरले की ते एकदाच किणकिणतं. त्या वीस दिवसांत ते किणकिणलं की मी दचकायचे. एकदा आमच्याकडची नवी टेक्निशियन माझ्या खांद्याशी वाकून म्हणाली, "मॅडम, ही पेशी अशी फाटल्यासारखी का दिसते?" मी सांगितलं. रक्त काढल्यावर स्लाइड करायला किती वेळ गेला की असं होतं, ते मिनिटांसकट सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. तिचं पेन थांबलं. "पुस्तकात बघून घे एकदा," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत ना." "तरी बघ." ती हसली. "मॅडम, तुमचा स्वतःवरच भरवसा नाही की काय?" चेष्टेनंच म्हणाली आणि चहाला निघून गेली. मी सूक्ष्मदर्शकात परत डोळा घातला, पण मघाशी जी पेशी पाहत होते ती मला सापडेना. स्लाइड कुणी हलवली नव्हती.

आमच्या घरात जेवताना दहा प्रश्न असत. बाबा हवामान केंद्रावर निरीक्षक होते. ठरलेल्या वेळी झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडायचं, पारा डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचा, वारा, ढग, पाऊस, सगळं वहीत उतरवायचं, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. त्यांचं म्हणणं असं की दहा नोंदींत एक चुकीची असतेच, आणि ती कोणती हे हुंगायची सवय लागली तरच उरलेल्या नऊ वाचता येतात. म्हणून जेवताना ते आम्हा दोघी बहिणींना दहा गोष्टी विचारत आणि त्यांची उत्तरंही सांगत. नऊ खऱ्या असत आणि एक त्यांनी घरी येता येता वाटेत रचलेली असे. ती ओळखायची आणि 'पकडलं' म्हणायचं. ओळखली तर बाबा मनगटावरचं घड्याळ काढून झोपेपर्यंत ओळखणारीच्या हाताला बांधत. पण ताटं उचलली जाईपर्यंत कुणी पकडलं नाही, तर ती कोणती होती हे ते कधीच सांगत नसत. आई चिडे. "अहो, पोरींच्या डोक्यात काय काय भरून ठेवताय." बाबा हात धुता धुता म्हणत, "आता ते त्यांचं झालं. सांभाळतील." ताईनं हा खेळ कधी मनावर घेतला नाही. ती नुसतं 'हो का' म्हणायची आणि सगळंच खरं मानायची. तिचं आयुष्यात काही अडलं नाही. मी मात्र हिशेब केला आहे. वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, वर्षाला तीनशे संध्याकाळी, रोज एक. त्यांतल्या दोन-तृतीयांश मी पकडल्या असं धरलं, आणि हे मी माझ्या बाजूनं जरा जास्तच धरते, तरी बाराशे उरतात. त्या माझ्या आत आहेत. त्यांना काही खूण नाही. खऱ्या गोष्टींसारखाच त्यांचा रंग आहे आणि हाक मारली की त्याही तितक्याच झटकन येतात. कॉलेजात तोंडी परीक्षेत मिठाच्या स्फटिकाबद्दल मी एक वाक्य इतक्या खात्रीनं बोलले की परीक्षकांनी चष्मा काढला. "हे कुठे वाचलंत?" "घरी," मी म्हटलं. ते इतके हसले की बाहेरच्या मुली दार किलकिलं करून पाहू लागल्या. तेव्हापासून मी सगळं दोनदा तपासते. पण तपासायचं सुचायला आधी शंका यावी लागते, आणि जे पक्कं ठाऊक असतं त्याची शंका येत नाही. बाराशे गोष्टी अशा पक्क्या ठाऊक आहेत.

दीपगृहाची मात्र त्यांतली नव्हती. ती मी पकडली होती. मी बारा वर्षांची होते, ताईला ताप होता आणि ती आत झोपली होती. बाबांनी सांगितलं, अकरा दिवस. मी विचारलं, मग दौतीत शाई कोण भरत होतं? बाबा म्हणाले, नोंद आहे खरी. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला पारा वाचता येईल, पण पारा वाचायला तो वाकला हे कुणाला दिसलं? बाबांनी घड्याळ काढलं. "दशांशानं पकडलं बघ," ते आईला म्हणाले. दशांश म्हणजे मी. लहानपणी मला कुणी 'साडेतीन' म्हटलेलं चालत नसे. तीन पूर्णांक चार असेल तर तीन पूर्णांक चारच म्हणायला हवं, म्हणून पडलेलं नाव. ते फक्त बाबा वापरत.

बाबांजवळ आता दोन वर्षांपासून काही टिकत नाही. डॉक्टर 'विसरतात' हा शब्द वापरतात, पण विसरलेली वस्तू कुठेतरी असते; ही कुठेच नाही. मी कामावरून येते तेव्हा अंगाला स्पिरिटचा वास असतो, त्यामुळे असेल, ते मला 'सिस्टर' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. "सिस्टर, तुमचं घर लांब आहे का?" "नाही, जवळच आहे." "मग निघा तुम्ही. घरचे वाट बघत असतील." मी आतल्या खोलीत जाते, कपडे बदलते आणि परत येऊन बसते, आणि ते नव्यानं नमस्कार करतात. दिवसभर त्यांच्यापाशी एक मावशी असतात. त्या संध्याकाळी निघताना दिवसाचा अहवाल देतात, खाल्लं किती, झोपले किती, चिडले कितीदा. सातला मात्र टीव्हीवर तो प्रश्नांचा कार्यक्रम लागतो आणि बाबा खुर्चीत ताठ होतात. बारा प्रश्न, प्रत्येकाला चाळीस सेकंद. उभ्या असलेल्या स्पर्धकाच्या आधी बाबा उत्तर देतात आणि ते बहुधा बरोबर असतं. पडद्यावरची माणसं त्यांना खरी वाटतात, कारण ती उत्तरं देतात. आम्ही नुसतं विचारतो, गोळी घेतली का, थंडी वाजते का. एका संध्याकाळी मी त्यांची नखं कापत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. पडद्यावरची एक मुलगी सोप्या प्रश्नाला चुकली आणि बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "आमची दशांश असती तर पकडलं असतं." दोन वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं. मी नखं कापायची थांबले. "कुठे असते ती?" मी विचारलं. बाबांनी मोकळ्या हातानं टीव्ही दाखवला. "तिथे येईल," ते म्हणाले. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या चप्पल घालता घालता थांबल्या. "मग जा की तिथे. दिसलात तर ओळखतील, बघा तुम्ही." मी अर्ज भरला तो एवढ्यासाठी. कामावर सगळ्यांना वाटलं बक्षिसासाठी. मी वाटू दिलं.

चित्रीकरणाची जागा म्हणजे एक मोठं गोदामच होतं, बाहेरून पत्र्याचं, आतून काळ्या रंगाचं. दिव्यांखाली कपाळ तापत होतं आणि पावलं गार पडत होती. हा तापमानातला फरक मी पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत मोजत उभी राहिले, म्हणजे मग बाकी काही जाणवत नव्हतं. रंगभूषा करणारी बाई दर प्रश्नाआधी येऊन माझं कपाळ कागदानं टिपून जाई. सोबत म्हणून ताई आली होती. ती पहिल्या रांगेत होती, पण दिव्यांमुळे मला तिच्या जागी नुसता एक काळा आकार दिसत होता. टाळ्या आधीच वाजवून घेतल्या होत्या, मोठ्या, मध्यम आणि हळहळ वाटल्याच्या. सहा प्रश्न गेले. मग सातवा आला, दीपगृहाचा, आणि मी मघाशी सांगितलं तसं झालं.

मी म्हटलं, "हा प्रश्न खोटा आहे."

मला माझा आवाज आठवतो. तो नेहमीपेक्षा बारीक होता, आणि 'खोटा' म्हणताना ओठ सुकल्यामुळे चिकटले होते. सूत्रसंचालक हसला, पडद्यासाठीचं हसणं. "या म्हणतात, प्रश्नच खोटा." मग अंधारातून एक आवाज आला, "थांबवा." दिवे तसेच राहिले, पण सगळ्यांचे खांदे खाली आले. अंधारातला आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "मॅडम, चारांतलं एक सांगा फक्त. बाकी काही बोलू नका." सूत्रसंचालक माझ्याकडे झुकला. जवळून त्याच्या चेहऱ्यावर रंगाची कड दिसत होती, कानापाशी संपलेली. "बाई, प्रश्न आम्ही घरी बसून रचत नाही हो," तो हळूच म्हणाला. माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी अर्धा प्यायले. कपाळ टिपलं गेलं. "परत घेऊ," आवाज म्हणाला, आणि सूत्रसंचालकानं प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला, 'त्याच्याच अक्षरातल्या'च्या आधी तसाच थांबून. सेकंद सुरू झाले. मला कळत होतं की या चारांत खरं उत्तर नाही, कारण ते दीपगृह नाही, तो खडक नाही, तो माणूस मेला नाही कारण तो जगलाच नव्हता. माझ्या तोंडून "अकरा" बाहेर पडलं. आपण कुणाच्या तरी घरी चुकून शिरावं आणि त्यांनी 'या, बसा' म्हणावं, तसा सूत्रसंचालक म्हणाला, "बरोबर."

आठवा प्रश्न सोपा होता. शाळेतल्या मुलाला आला असता. चार पर्याय होते आणि चारही मला आमच्या जेवणाच्या टेबलावरचे वाटले. एकेक उचलून पाहत होते, प्रत्येकाखाली बाबांची ती थांबायची जागा होती. मी चाळीस सेकंद गप्प उभी राहिले. मग हळहळीच्या टाळ्या.

बाहेरच्या बोळात एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसली होती. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर 'प्रश्न तपासणी' असं होतं. मी तिला विचारलं, दीपगृहाचा प्रश्न कुठून आला. ती आत नव्हती, तिला माझं काही ऐकू आलेलं नव्हतं. "दोन आधार मिळाल्याशिवाय आम्ही प्रश्न घेतच नाही," ती म्हणाली आणि मला दाखवायलाही तयार झाली. पहिला आधार एक संकेतस्थळ होतं. दुसरा एक नवलकथांचं पुस्तक. संकेतस्थळानं त्या पुस्तकाचा हवाला दिला होता. पुस्तकाच्या मागे बारीक टाइपात यादी होती आणि त्या यादीत आमच्या हवामान केंद्राची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती, पान एकेचाळीस. "बघा, किती जुनं आहे," मुलगी कौतुकानं म्हणाली. मी तिचे आभार मानले. स्मरणिका आमच्या कपाटात आहे. पान एकेचाळीसवर पर्जन्यमापकाच्या लेखाखाली चार बोटं जागा उरली होती आणि ती भरायला एका चौकटीत तीन ओळी टाकल्या होत्या, 'तुम्हाला माहीत आहे का?' खाली नाव नव्हतं. स्मरणिकेचं संपादन बाबांकडे होतं. दोन आधार म्हणजे बाबा आणि बाबा. घरी येऊन मी छपाईचं साल पाहिलं. मी ते पकडलं त्याच्या पुढच्या वर्षीचं होतं. म्हणजे पकडलेलं खोटं त्यांनी मुद्दाम जगात सोडलं, आणि मग जेवणाच्या टेबलाशी बसावं तसे ते बसून राहिले असतील, कुणी पकडतंय का बघत. चाळीस वर्षं कुणी पकडलं नाही. ताटं उचलली गेली.

पण मी पकडलं होतं. तिथे उभं राहून, सगळ्यांच्या देखत. चित्रीकरणाहून निघून गाडीत बसताना माझ्या मनात फक्त एवढंच होतं की ते वाक्य राहू दे. बाबा ऐकतील, आणि मग मी कोण हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. ताईनं पट्टा लावला, आरशात केस सारखे केले. "छान बोललीस," ती म्हणाली. "सातव्याला जरा घाबरवलंस. थांबलीस ते." "मी म्हटलं ना, प्रश्न खोटा आहे म्हणून." ताईनं माझ्याकडे पाहिलं. "कधी?" "सातव्याला. त्यांनी थांबवलं नाही का? परत घेतलं." "परत घेतलं ते दुसऱ्याला. दिवा उडाला म्हणून. सातव्याला तू नुसती उभी होतीस गं, आणि मग म्हणालीस अकरा." "ताई, तो माणूस माझ्याकडे वाकून बोलला." "तो सगळ्यांशीच वाकून बोलतो," ताई म्हणाली. "डोकं दुखतंय का तुझं? खाल्लं नाहीस सकाळपासून." ताई सगळं खरं मानते, पण खोटं बोलत नाही. दिव्यांच्या मागे तिला ऐकू गेलं नसेल. माझा माइक बंद केला असेल. कपाळ टिपलं गेलं हे मला आठवत होतं, पण कपाळ ते दर वेळी टिपत होते; पुरावा म्हणून ते टिकत नव्हतं. आणि दुसऱ्या प्रश्नाला दिवा उडाला होता का, हे मी आठवून पाहिलं तेव्हा मला तो उडताना दिसला, पिवळा, मग जांभळा, मग काळा. तो मला आधी आठवत नव्हता की ताईनं सांगितल्यावर तयार झाला, हे सांगता येईना. कामावर काउंटर किणकिणायचं आणि मी पुन्हा पहिल्या पेशीपासून मोजायला लागायचे.

विसाव्या दिवशी संध्याकाळी सगळे जमले. मावशी मुद्दाम थांबल्या होत्या. भावजी येतानाच म्हणाले, "आता तुमची सही घेऊन ठेवतो, नंतर भाव खाल." ताईनं बाबांना स्वच्छ सदरा घातला होता. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. "बसा सिस्टर," बाबा म्हणाले. "आज उशिरापर्यंत आहात?" "हो, आज आहे." सात वाजले. सूत्रसंचालक आला, दिवे फिरले आणि मग पडद्यावर ती आली, निळ्या कपड्यांतली, हात पोटाशी धरलेली, माझ्याहून थोडी उंच. मावशींनी तोंडावर हात नेला. बाबा पुढे झुकले. मी पडद्याकडे बघणं सोडून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, ओठांचे कोपरे, मग डोळ्यांखालचं, आणि दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी तिथे परत येऊन बसलं.

"ही दशांश," बाबा म्हणाले.

ताई रडायला लागली. भावजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी बाबांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रसन्न. "आवाज जरा वाढवता का सिस्टर? माझी मुलगी आहे." मी आवाज वाढवला. बाबा एकेका उत्तराला मान हलवत होते. दुसऱ्या प्रश्नाला दिवा उडालेला दाखवला नाही. तिसरा, चौथा. मी आता फक्त पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. सहाव्या प्रश्नाला पाणी काठोकाठ होतं. सातवा सुरू झाला. "समुद्रातल्या एका एकाकी खडकावरच्या," सूत्रसंचालक म्हणाला, आणि बाबा एकदम ताठ झाले. त्यांनी खुर्चीचे हात धरले. ते त्याच्याबरोबर पुटपुटत होते, एकेक शब्द, आणि थांबायच्या जागी दोघंही थांबले. मग बाबा हसले. फार लबाड हसले, माझ्या लहानपणीचं हसणं. "आता बघा," ते खोलीला उद्देशून म्हणाले. "आता पकडेल."

पडद्यावर ती गप्प होती. सेकंद उलटे पळत होते. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ते सुकलेले दिसत होते, किंवा मला तसे दिसत होते. पकड, बाबा म्हणाले, अगदी हलकेच, पकड ना. ती म्हणाली, "अकरा." कुठे सांधा नव्हता, धक्का नव्हता. तिच्या चेहऱ्यावरून कसलीच शंका गेली नाही. सूत्रसंचालक म्हणाला बरोबर, मोठ्या टाळ्या वाजल्या, कॅमेरा जवळ गेला, आणि पेला दिसला. पाणी काठोकाठ होतं. कुणी मध्ये भरलं असेल. असं करतात ते, एकसारखं दिसावं म्हणून.

भावजींनी टाळी वाजवली आणि ती एकटीच वाजली. बाबा मागे टेकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर परत आलेलं निघून जाताना मी पाहिलं, डोळ्यांखालचं आधी, मग ओठांचे कोपरे. "ही ती नाही," ते म्हणाले. "बाबा, असं काय करता, तीच की," ताई म्हणाली. "नाही. तिच्यासारखी आहे. फार हुबेहूब केली आहे. पण आमची असती तर पकडलं असतं." मी त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. माझं हृदय इतकं जोरात चाललं होतं की मी नकळत ठोके मोजत होते. "बाबा, तो प्रश्न खोटा आहे," मी म्हटलं. "दीपगृह नाही. वही नाही. मी तिथे म्हटलं होतं, त्यांनी ते कापलं." हे म्हणत असताना ताई माझ्याकडे कशी पाहत असेल ते मला माहीत होतं. मी वळले नाही. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पारा वाचायला डोळा रेषेत आणावा तसं थोडं खाली येऊन. क्षणभर मला वाटलं, झालं. मग त्यांनी माझा हात थोपटला. अनोळखी माणसाचं मन राखावं तसा.

"असेल हो," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं असेल. पण मी दुसऱ्या कुणाची वाट पाहतोय."

"बंद करू का?" मावशींनी विचारलं. "नको," बाबा म्हणाले, "राहू दे." पडद्यावर आठवा प्रश्न आला. ती उभी होती आणि बोलत नव्हती. चाळीस, एकोणचाळीस. मला ठाऊक होतं ती बोलणार नाही, आणि मग लक्षात आलं की हेही मला फक्त ठाऊकच आहे. तिनं मान किंचित तिरपी केली. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. "थांबा," बाबा म्हणाले, "काहीतरी म्हणतेय ती." त्यांनी खुर्ची पुढे ओढायचा प्रयत्न केला, त्यांना जमेना. मी उठून ती ओढून दिली, आणि मग माझीही त्यांच्या शेजारी लावली, आणि आम्ही दोघं तिची वाट पाहू लागलो.